धरणे, टिपणे, शोषणे

प्रभादेवीत सयानी मार्गावर, रवींद्र नाट्यमंदिराच्या इमारतीत, मराठी विश्वकोश निर्मिती मंडळाचे कार्यालय आहे. सिद्धिविनायकाचे मंदिर तिथून पायी जाण्याच्या अंतरावर, आणि मंदिर न्यासाचे डायलिसिस केंद्रही प्रभादेवीतच. खासगी रुग्णालयाचा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांची तिथे कमी दरात सोय होते. ज्ञानाला मराठी शब्द देणारी एक संस्था आणि रक्तातले विष काढणारी दुसरी, अशा या दोघी शेजारणी. तरीही डायलिसिससाठी परिभाषेत असलेला ‘अपोहन’ हा शब्द तिथल्या खाटेपर्यंत पोचलेला नाही. तिथे ‘आज डायलिसिस आहे’, ‘मशीनवर घेतलंय’, ‘दोन लिटर पाणी काढलं’, ‘क्रिएटिनिन वाढलंय’ अशीच बोली चालते. त्यात वावगे काही नाही. आजारी माणसाच्या तोंडी जो शब्द सहज बसतो, तोच त्याचा शब्द.

मला लिहायचे आहे ते याच कुळातल्या दुसऱ्या एका शब्दाविषयी, ‘अधिशोषण’ या शब्दाविषयी. खास तयार केलेला कोळसा, सच्छिद्र राळेचे मणी, झिर्कोनियमची संयुगे असे काही पदार्थ रक्तातली घाण आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात. परिभाषा त्यांना ‘अधिशोषक’ म्हणते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या रक्ताला असा पदार्थ लावण्याआधी त्याची कसून परीक्षा घ्यावी लागते. ती परीक्षा समजून घेताना माझे मत पक्के होत गेले, की अडचण या शब्दातच आहे आणि ती सोडवणारी क्रियापदे मराठीच्या रोजच्या बोलण्यात आहेत.

‘शोषण’च्या मुळाशी संस्कृत ‘शुष्’ धातू आहे. त्याचा अर्थ वाळणे, कोरडे होणे. ‘शुष्क’ त्याचाच, त्याचे प्राकृतात ‘सुक्क’ झाले आणि आपल्याकडे ‘सुकणे’, ‘सुका’ आले. बाजारातले सुके बोंबील आणि आयुर्वेदाने राजयक्ष्म्याला दिलेले ‘शोष’ हे नाव ही एकाच घरची मंडळी. गावोगावी सांडपाण्यासाठी शोषखड्डा खणतात, त्यात पाणी जमिनीत मुरून दिसेनासे होते. गिरणगावात तर हा शब्द गिरणीच्या गेटवरच्या सभांतून घरोघरी गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. ‘शोषण’ म्हणजे कष्टकऱ्याच्या अंगातला रस काढून घेणे, हे परळ-लालबागला त्याच्या कितीतरी आधीपासून कोणी शिकवावे लागत नव्हते. या सगळ्या वापरांत एक गोष्ट सारखी आहे. शोषणारा आत ओढून घेतो आणि समोरचा कोरडा पडतो.

डायलिसिसच्या रोग्याला हा कोरडेपणा फार जवळून माहीत असतो. मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकेनाशी झाली की प्यालेला प्रत्येक घोट अंगात साठतो, पाय सुजतात, दम लागतो. म्हणून दिवसाचे पाणी मोजून प्यायचे. घसा सुकतो, जीभ टाळूला चिकटते, आणि घरचे लोक एखादा बर्फाचा खडा चघळायला देतात. यंत्रावर जास्तीचे पाणी काढल्यावर जे वजन उरायला हवे, त्याला सगळेच ‘ड्राय वेट’ म्हणतात. म्हणजे या आजारात कोरडे करणे हे खरोखरच एक काम आहे. पण ते अधिशोषकाचे काम नव्हे. रक्त कोळशाच्या नळकांड्यातून कितीही वेळ फिरवले, तरी त्यातले जास्तीचे पाणी तो काढू शकत नाही. ‘शोषण’ ऐकून जो पहिला समज होतो, तोच चुकीचा ठरतो.

मूळ युरोपीय शब्दांतही ही गल्लत होण्यासारखीच होती. लॅटिन ‘सोर्बेरे’ म्हणजे भुरकणे, ओढून घेणे. त्यावरून ‘अ‍ॅब्सॉर्प्शन’ हा शब्द आधीपासून रूढ होता. वायू घन पदार्थाच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावरच गोळा होतात, या घटनेला वेगळे नाव हवे म्हणून जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख कायझर याने १८८१ मध्ये उपसर्ग बदलून ‘अ‍ॅड्सॉर्प्शन’ हा शब्द वापरात आणला. ‘ब’च्या जागी ‘ड’ आला, एवढाच फरक. आपल्या परिभाषाकारांनी तोच मार्ग धरून ‘शोषणा’ला ‘अधि’ जोडला. ‘अधि’ म्हणजे वर. ‘पृष्ठशोषण’ असाही शब्द केला गेला आणि तो अधिक बोलका आहे. पण दोन्हींत सगळा अर्थ उपसर्गावर किंवा पूर्वपदावर टाकलेला, आणि वाचकाच्या मनात घर करून राहते ते ‘शोषण’च.

पृष्ठभागावर गोळा होणे म्हणजे नेमके काय? नारळाच्या करवंटीचा कोळसा घ्या. हवा न लागू देता करवंटी भाजली आणि मग तो कोळसा खूप तापवून त्यातून वाफ सोडली, की त्यात अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे तयार होते. अशा एका ग्रॅम कोळशाचा आतला-बाहेरचा मिळून पृष्ठभाग सुमारे १००० चौरस मीटर भरू शकतो. चिमूटभर पुडीत चाळीतल्या दहा बाय दहाच्या शंभरएक खोल्यांची जमीन मावली म्हणायची. रक्तातले रेणू या जमिनीवर येऊन टेकतात आणि तिथल्या अणूंच्या आकर्षणाने तिथेच राहतात. कोळसा फुगत नाही, रेणू त्यात विरघळत नाहीत. कोळशाने त्यांना फक्त धरलेले असते.

आणि ‘धरणे’ हे क्रियापद मराठीत या अर्थाने जुनेच आहे. मेंदी रंग धरते. लोणी काढलेल्या भांड्याला ओशटपणा धरतो, तव्याला काजळी धरते, लोखंडाला गंज धरतो. गिरण्यांच्या रंगखात्यातही कापडाने रंग धरला की नाही, यावरच सारे अवलंबून असे. रंगाचा रेणू सुताच्या तंतूला धरून बसला तर रंग पक्का, नाही तर पहिल्याच धुण्यात पाणी रंगीत. हे उदाहरण मी केवळ गिरणगावाच्या प्रेमाने देत नाही. डायलिसिसला सर्वांत जास्त चकवणाऱ्या विषांपैकी एकाचे नाव रंगाच्याच घरातून आले आहे.

आपण खाल्लेल्या प्रथिनांतून आतड्यातले जिवाणू ‘इंडोल’ नावाचा पदार्थ तयार करतात. यकृत त्याचे ‘इंडॉक्सिल सल्फेट’ करते आणि निरोगी मूत्रपिंड ते लघवीवाटे बाहेर टाकते. ‘इंडोल’ हा शब्द ‘इंडिगो’ आणि तेल या अर्थाचा लॅटिन ‘ओलेउम’ यांच्या जोडीतून झाला, कारण अडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये तो पदार्थ निळीवर काम करताना मिळवला. ‘इंडिगो’ म्हणजे आपली नीळ, आणि त्या नावाचा अर्थच मुळी ‘भारतातली’. ज्या विषामुळे रोग्याचे रक्त बिघडते, त्याच्या नावात आपल्या देशाचे नाव आहे.

रक्ताच्या रिपोर्टातल्या परक्या वाटणाऱ्या शब्दांचे असेच दूरचे नातेसंबंध निघतात. ‘क्रिएटिनिन’च्या मुळाशी ग्रीक ‘क्रेआस’ आहे, म्हणजे मांस. त्याचा संस्कृतातला भाऊबंद ‘क्रव्य’, ज्यावरून मांसभक्षकाला ‘क्रव्याद’ म्हणतात. स्नायूंच्या रोजच्या झिजेतून क्रिएटिनिन तयार होते, तेव्हा नाव योग्यच पडले. खाटकाच्या दुकानातला फारसी ‘गुर्दा’ आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकातला संस्कृत ‘वृक्क’ हे तर एकाच जुन्या भारत-इराणी शब्दाचे दोन अवतार. ‘झिर्कोनियम’चा उगम फारसी ‘झरगून’मध्ये, म्हणजे सोन्याच्या रंगाचा, असे सहसा मानतात, त्यातला ‘झर’ आपल्या जरीकाठात आहे. म्हणून शब्द देशी की परका हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. शब्द आपले काम नीट सांगतो का, हे महत्त्वाचे.

त्या कसोटीला ‘अपोहन’ फार चांगला उतरतो. टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये ‘डायलिसिस’ हा ग्रीक शब्द रसायनात आणला. त्याचा अर्थ सोडवून वेगळे करणे. पातळ पडद्यातून लहान रेणू पलीकडे जातात आणि मोठे अलीकडे राहतात, हे त्याने दाखवले. ‘अपोहन’मध्ये ‘अप’ म्हणजे दूर आणि ‘ऊह्’ म्हणजे सारणे, विचाराने ठरवणे. हा शब्द गीतेच्या पंधराव्या अध्यायात स्मृती आणि ज्ञान यांच्या जोडीला येतो. बौद्ध तर्कपंडित दिङ्नाग याने तर ‘अपोह’ या नावाने शब्दार्थाचा सिद्धांतच मांडला. ‘गाय’ या शब्दाचा अर्थ कसा कळतो? जे जे गाय नाही, ते ते वगळून. नेमके काय वगळायचे आणि काय ठेवायचे, हा विवेक या शब्दाच्या पोटात आहे.

डायलिसिसचे यंत्र हा विवेक आकारावरून करते. विलेम कोल्फ या डच डॉक्टरने १९४३ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, सॉसेजसाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिले उपयोगी कृत्रिम मूत्रपिंड उभे केले. आजच्या डायलायझरमध्ये केसासारखे बारीक असे सुमारे दहा हजार पोकळ तंतू असतात. पवईच्या आयआयटीत प्रा. जयेश बेल्लारे यांच्या गटाने अशाच पोकळ तंतूंवर संशोधन केले आहे. या तंतूंच्या भिंतीतून युरिया सुटतो, कारण त्याचे रेणुवजन जेमतेम ६०. क्रिएटिनिन सुटते, त्याचे ११३. अल्ब्युमिन हे रक्तातले मोलाचे प्रथिन सुमारे ६६,००० वजनाचे, ते आत राहते आणि राहायलाच हवे. पण इंडॉक्सिल सल्फेट स्वतः लहान असूनही नव्वद टक्क्यांहून अधिक प्रमाणात अल्ब्युमिनला बिलगून असते. मोठ्याच्या आडोशाने लहानही आत राहते. आकार पाहणाऱ्या चाळणीला ते सापडत नाही. तिथे धरणारा पदार्थ हवा. तो आकाराबरोबर स्वभावही पाहतो, आणि अल्ब्युमिनच्या पकडीतून रेणूला आपल्याकडे खेचू शकतो.

अशा पदार्थाची परीक्षा साध्या शंकुपात्रात सुरू होते. समजा, १०० मिलिलिटर द्रावणात १० मिलिग्रॅम क्रिएटिनिन आहे. त्यात अर्धा ग्रॅम कोळसा घालायचा आणि पात्र ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे अंगाच्याच उबेला, हलवत ठेवायचे. ठरावीक वेळाने थोडे द्रावण काढून गाळायचे आणि त्यात अल्कली व पिक्रिक आम्ल मिसळायचे. माक्स याफे याने १८८६ मध्ये ही कसोटी शोधली. क्रिएटिनिन असेल तर नारिंगी रंग चढतो आणि जितके जास्त तितका गडद. पहिला नमुना चांगला गडद, पुढचा फिका, त्यापुढचा आणखी फिका. मग एक वेळ येते की रंग आहे तसाच राहतो. कोळशाने धरायचे तेवढे धरले. आता द्रावणात २ मिलिग्रॅम उरले असतील, तर अर्ध्या ग्रॅमने ८ धरले, म्हणजे ग्रॅममागे १६. हाच प्रयोग कमी-जास्त तीव्रतेच्या द्रावणांवर करून आलेख काढतात. अर्व्हिंग लँगम्यूर याने १९१८ मध्ये या आलेखाचे गणित मांडले. सुरुवातीला रेषा झपाझप चढते. पृष्ठभागावरच्या जागा भरत आल्या की ती आडवी होते.

इथपर्यंत सगळे सोपे असते. दुसऱ्या पायरीला पाण्याच्या जागी रक्तद्रव घेतला की आकडा खाली येतो. प्रथिने छिद्रांच्या तोंडाशी बसतात आणि जागा अडवतात. विषेही त्यांना बिलगलेली. पाण्यात नावाजलेला कोळसा इथे मागे पडू शकतो. तिसऱ्या पायरीला ताजे रक्त घेतात, आणि आता प्रश्नच उलटा होतो. काय धरले, याच्याइतकेच काय धरले नाही, हे पाहायचे असते. प्लेटलेट आधी किती होत्या, नंतर किती उरल्या? तांबड्या पेशी खरखरीत कडांना घासून फुटल्या का? फुटल्या असतील तर वरचा पिवळसर रक्तद्रव गुलाबी दिसू लागतो. रक्त गोठायला लागले का? कोळशाची भुकटी सुटून रक्तात गेली का? रोग्याला दिलेले प्रतिजैविक आणि जीवनसत्त्वेही त्याने उचलली का? कोळशाला औषध आणि विष यांतला भेद आपोआप कळत नाही.

हे प्रश्न अनुभवातून आले आहेत. ग्रीक डॉक्टर हिपोक्रेटिस यात्झिडिस याने १९६४ मध्ये मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्यांचे रक्त थेट कोळशावरून नेले. क्रिएटिनिन, युरिक आम्ल उतरले. पण उघड्या कोळशावर प्लेटलेट अडकल्या, आणि त्याचे बारीक कण रक्तात जाण्याचा धोकाही दिसून आला. माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठातल्या टॉमस चँग यांनी यावर उपाय काढला. कोळशाच्या कणांवर त्यांनी कोलोडियनचे पातळ कवच चढवले आणि त्यावर अल्ब्युमिनचा थर दिला. लहान रेणू कवचातून आत जात, पेशी बाहेरच राहत. कोळशाची धरण्याची ताकद तीच होती. त्याला निवड करायला लावले, हे चँग यांचे मोठे काम.

युरियाने तरीही दाद दिली नाही. कोळसा त्याला जवळजवळ धरतच नाही. म्हणून १९७० च्या दशकात आलेल्या ‘रेडी’ या प्रणालीत वेगळी युक्ती केली. अबईच्या जातीतल्या एका शेंगेच्या बियांतून मिळणारे युरिएज हे विकर आधी युरिया फोडते. त्यातून अमोनियम निघते आणि ते युरियापेक्षा घातक असते, म्हणून पुढच्या थरातले झिर्कोनियम फॉस्फेट लगेच त्याला पकडते. तिसरा थर फॉस्फेट धरतो, कोळसा क्रिएटिनिन धरतो. इथे या थरांतून रक्त जात नाही, डायलिसिसचे वापरलेले पाणी जाते आणि शुद्ध होऊन परत येते. नेहमीच्या चार तासांच्या डायलिसिसला मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने १२० लिटर शुद्ध पाणी लागते. या प्रणालीत सुमारे ६ लिटर पुरत. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या तालुक्यांचा विचार केला, तर या आकड्यांतला फरक किती मोठा आहे हे वेगळे सांगायला नको.

शेवटची परीक्षा सर्वांत कठोर. पदार्थ विष धरतो, म्हणून रोग्याचे आयुष्य सुधारतेच असे नाही. जपानमध्ये १९९१ पासून तोंडाने घ्यायच्या खास कोळशाचे औषध वापरात आहे. ते आतड्यातच इंडोल धरते, त्यामुळे इंडॉक्सिल सल्फेट कमी तयार होते. मग १३ देशांतल्या २,०३५ रोग्यांवर त्याच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मूत्रपिंडाचा आजार पुढे सरकण्याचा वेग त्या औषधाने ठोसपणे कमी झाल्याचे दिसले नाही. शंकुपात्रातले यश आणि माणसातले यश यांत एवढे अंतर असू शकते. ‘रक्तशुद्धी’ हा शब्द बाटलीवर छापून विकल्या जाणाऱ्या काढ्यांकडे पाहताना हे अंतर ध्यानात ठेवावे. मूत्रपिंडाच्या रोग्याने असा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. काढ्यातले जे जास्तीचे असते तेही बाहेर टाकायला त्याच्याजवळ धडधाकट मूत्रपिंड नसते.

आता मला हवे असलेले दुसरे क्रियापद सांगतो, ‘टिपणे’. टिपकागद शाई टिपतो. आई पदराने डोळे टिपते. आणि चिमणी दाणे टिपते, म्हणजे खड्यांतून, मातीतून नेमका दाणा उचलते आणि बाकीचे जिथल्या तिथे ठेवते. ओढून घेणे आणि निवडून घेणे हे दोन्ही अर्थ या एका शब्दात आहेत. अधिशोषकाचे काम ‘धरणे’ असेल, तर त्याचा गुण ‘टिपणे’ हा. सगळेच शोषून घेणारा पदार्थ रक्ताला नको असतो. नेमके टिपणारा हवा असतो.

परिभाषा मोडीत काढा, असे मी म्हणत नाही. शास्त्राच्या पुस्तकात ‘अधिशोषण’ असावे. तिथे एकाच घटनेला एकच नाव लागते. पण नव्या पदार्थाची माणसांवर चाचणी होते, तेव्हा भाग घेणाऱ्या रोग्यापुढे संमतिपत्र ठेवतात आणि त्यातली माहिती त्याला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक असते. रोगी सही करतो ती त्या भाषेच्या भरवशावर. त्या कागदावर नुसते ‘अधिशोषकाद्वारे रक्तशुद्धीकरण’ लिहिले, तर मजकूर मराठी असूनही रोग्याच्या हाती काही लागत नाही. तिथे लिहावे, की हा पदार्थ रक्तातली अमुक विषे धरून ठेवतो, अमुक धरू शकत नाही. अंगातले जास्तीचे पाणी तो काढत नाही, म्हणून डायलिसिस चालूच राहील. प्लेटलेट कमी होऊ शकतात आणि त्या दर वेळी मोजल्या जातील. एवढे वाचले की काय धरतो, किती धरतो, काय सोडून देतो आणि त्याने माझे काय भले होणार, हे चार प्रश्न रोगी स्वतःच विचारील. त्यांची उत्तरे त्याच्याच भाषेत मिळाल्यावर केलेली सही, तीच खरी संमती.